कुत्री दोनदा बसली होती

आबा, परवा मला कोर्टात साक्ष द्यायची आहे. आरोपी आपल्या वरच्या वाडीवरचा आहे. तुम्ही पाहिलात तेव्हा तो आईच्या पाठीला बांधलेला असेल. मी सांगायचं एवढंच, की माझी कुत्री पळसदरीच्या धरणाजवळच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीपासून वास घेत निघाली, कुठंही न थांबता सरळ त्याच्या दाराशी गेली आणि त्याच्यापुढं बसली. पंचनाम्यात तसंच लिहिलंय, खाली माझी सही आहे. दहा मिनिटांचं काम आहे, असं साहेब म्हणतात. त्यातले 'कुठंही न थांबता' हे तीन शब्द खोटे आहेत आणि ती कुठं थांबली ते पुष्कळांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ कुत्री, मी आणि दादा सोडून कुणाला माहीत नाही. आता तुम्हाला सांगतोय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे तुम्ही कुणाला बोलणार नाही याची खात्री आहे. तशी ती तुम्ही होतात तेव्हाही होती.

दुपार आहे. क्वार्टरमागं कुत्र्यांच्या खोल्या आहेत, तिथल्या कट्ट्यावर बसून लिहितोय. वारा पडलाय. ती जाळीच्या आत पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडलीय आणि माझ्याकडं बघतेय. पेन थांबलं की तिचे कान उभे राहतात. ही माझी तिसरी. पहिला कुत्रा तुम्ही पाहिला होतात, काळा, मोठ्या डोक्याचा. दुसरा म्हातारा होऊन गेला. ही दोघांपेक्षा हुशार, आणि आता मला तिच्या हुशारीचीच भीती वाटते.

पथकात माझी निवड झाल्याचं कळलं तो दिवस तुम्हाला आठवतो का, ते मला माहीत नाही. मला तो अजून लख्ख दिसतो. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. मी उंबऱ्यात उभा राहून सांगितलं, की मला श्वान पथकात घेतलंय, सहा महिने शिकायला जायचंय. आईनं पिठाचे हात तसेच कपाळाला लावून देवाकडं बघितलं. दादा हसायला लागला, म्हणाला, "घ्या, आता आमचा भाऊ कुत्र्याचा साहेब!" तुम्ही जेवत होतात. घास गिळून झाल्यावर बोललात, "बारावी शिकून कुत्र्याची दोरी धरायची व्हय रं? दोरीच धरायची तर घरात बैल काय कमी हायेत?" मी चिडून म्हणालो, की पोलिसाची नोकरी आहे, पेन्शन आहे. तुम्ही ताटात हात धुतलात आणि म्हणालात, "कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत, तू त्याच्या मागनं लोकांच्या घरात शिरणार." मला तेव्हा ते नुसतं टोचलं. त्यात किती तथ्य होतं हे कळायला मला अठरा वर्षं लागली. आमचं काम म्हणजे खरंच लोकांच्या घरात शिरणं असतं. कुत्रा पुढं, आपण मागं, आणि आपल्या मागं अख्खं गाव.

मग तुम्ही एकदाच तिकडं आलात. आईनं दिलेलं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकरी घेऊन, एसटीनं. त्या दिवशी आमचा रुमालांचा सराव होता. दहा माणसांचे दहा रुमाल जमिनीवर ओळीनं मांडायचे, त्यांतल्याच एकाच्या दुसऱ्या वस्तूचा वास कुत्र्याला द्यायचा, आणि त्यानं त्याच माणसाचा रुमाल ओळखून त्याच्यापुढं बसायचं. बसणं हीच त्याची बोली. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी तुमचाही पंचा मागून घेतला आणि ओळीत ठेवला, तुमची टोपी माझ्या कुत्र्याला हुंगायला दिली. तो पाच रुमाल ओलांडून गेला आणि तुमच्या पंचापुढं बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं तुम्ही हसाल. तुमचा चेहरा उतरला होता.

स्टँडवर सोडायला आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "किती दिस ऱ्हातो रं वास?" मी म्हणालो, "वाऱ्यापावसावर असतं, आबा. कधी तासभर, कधी दोन-तीन दिवस." तुम्ही म्हणालात, "वरीस न्हाई ना ऱ्हात?" मी हसलो, नाही म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि गाडी लागल्यावर मागं न बघता चढलात. मी परत मैदानावर गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुम्ही हंड्याबद्दल विचारत होतात.

हंड्याचं आपण कधीच बोललो नाही. आज बोलतो. मी तिसरीत असेन. आईच्या माहेरचा तांब्याचा मोठा हंडा परसातून गेला. वाडीवरचा एक गडी आपल्याकडं लावणीपासून झोडणीपर्यंत कामाला असायचा, त्याची बायको आईला भांडी घासू लागायची. तुम्ही त्याला खळ्यावर बोलावलंत आणि सगळ्यांदेखत कानफटात मारलीत. तो म्हणाला, "मालक, म्या न्हाई." तुम्ही परत मारलीत. त्याच्या बायकोनं हातातली भांडी खाली ठेवली, अजिबात आवाज न करता. दुसऱ्या दिवसापासून दोघंही आली नाहीत, पुढं कुठंतरी घाटावर कोळशाच्या भट्टीवर गेल्याचं कळलं. पंधरा दिवसांनी तुम्ही मला घेऊन शिळफाट्याला खत आणायला गेलात आणि भांड्याच्या दुकानात तो हंडा दिसला, कानाजवळच्या पोच्यासकट. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, "तुमच्याच थोरल्यानं आणला होता की, तुम्ही पाठवलाय म्हणाला." तुम्ही बराच वेळ हंड्याकडं बघत राहिलात. मग मला भजी खायला घातलीत आणि वाटेत म्हणालात, "घरात बोलायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची." दादाला तुम्ही काही बोललात का, मला माहीत नाही. गड्याला शोधायला तुम्ही गेला नाहीत, एवढं माहीत आहे. मी गप्प बसलो. आठ वर्षांच्या पोराला भजी मिळाली की पुरतं, पण मी पुढंही गप्पच बसलो. तेव्हा भजीचं निमित्त नको.

आता गेल्या हिवाळ्यातलं सांगतो. धरणाच्या कडेनं बंगले झालेत, शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, बाकीचे दिवस राखणदार असतो. असाच एक म्हातारा राखणदार सकाळी मागच्या भिंतीजवळ डोकं फुटून पडलेला सापडला. घरातलं काही सामान गेलं होतं. तो चार दिवस जगला, पण शुद्धीवर आला नाही. भिंतीपाशी तोंडाला बांधायचा एक रुमाल पडला होता. आम्हाला बोलावणं आलं. आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर काम निघालं म्हणून मला, खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. गावानं मला कामावर कधी पाहिलं नव्हतं. गाडीतून उतरलो तर शंभर-एक माणसं जमलेली. त्यांत दादा होता, सरपंचाच्या शेजारी. बंगलेवाल्यांना वाळू, विटा, माळी, राखणदार सगळं तोच पुरवतो, तेव्हा तो तिथं असणारच. त्यानं मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "दमानं घे रं, समदं गाव बघतंय."

मी कुत्रीला रुमालाचा वास दिला. तिनं भिंतीशी नाक लावलं, एक चक्कर मारली, आणि दोरी ताणून थेट गर्दीत शिरली. माणसं बाजूला झाली. ती दादापुढं जाऊन बसली.

आबा, आमच्या कामात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. कुत्रा बसला की तू गप्प. तुझं मत खिशात. दोरी ढिली सोड आणि साहेबाला सांग, कुत्रा इथं बसलाय. मी काय केलं? मी म्हणालो, "ए, उठ! चल!" आणि दोरीला हिसका दिला. ती उठली. गोंधळून माझ्याकडं बघितलं तिनं. पुन्हा भिंतीपर्यंत गेली, पुन्हा रुमालाच्या जागेवर नाक फिरवलं, आणि परत आली. पुन्हा दादापुढं बसली, ताठ, शेपूट न हलवता, शिकवलं होतं अगदी तसं. दादा हसत होता. हसताना त्याच्या गळ्याची शीर उडत होती, ती मला दिसली. मी दोरीचं टोक तिच्या नाकावर मारलं. तीन वर्षांत मी तिला कधी बोटही लावलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "माझा सख्खा भाऊ आहे, साहेब. घरचा माणूस ओळखते ती." सगळे हसले. साहेबही हसले.

ती दादाला ओळखत नव्हती. तिला मी कधी घरी नेलं नाही आणि दादा इकडं कधी फिरकला नाही. त्या सकाळी तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतरचं सोपं होतं. धरणाच्या बांधावरून पुढं गेलं की वाट फुटते, एक डांबरी रस्त्याला लागते, दुसरी वाडीवर चढते. ती फाट्यावर थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मागनं कुणीतरी म्हणालं, "वाडीवरलंच काम हाय ह्ये, दुसरं कोन करनार." मी काही बोललो नाही. पण माझा खांदा वळला, आबा. पाऊल वाडीकडं पडलं. तिनं ते पाहिलं आणि त्या वाटेला लागली. वाडीत तिसऱ्या झोपडीच्या दारात एक माणूस चादर गुंडाळून बसला होता. गर्दी त्याच्याकडं बघून थांबली, म्हणून मी थांबलो, म्हणून ती थांबली. आणि बसली. बसताना ती त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. मी खिशातून चेंडू काढून तिला दिला. बरोबर काम केलं की चेंडू मिळतो, हे तिला पिल्लू असल्यापासून ठाऊक आहे.

त्याची बायको म्हणत होती, "त्याला ताप हाय साहेब, कालधरनं उठला न्हाई." त्या माणसानं आठवड्यापूर्वी बंगल्यात झाडांचे खड्डे खणले होते, हे लगेच निघालं. तेवढं पुरलं. नुसत्या कुत्र्यावर शिक्षा होत नाही, आबा, वकील लोक हेच सांगतात. पण कुत्री बसल्यावर दुसरीकडं कुणी बघितलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज बोलून जातो. संन्याशाला उचलताना त्याची चादर पायात अडकली आणि तो दारातच पडला. उचलणाऱ्यांनी त्याला चादरीसकट गाडीत घातलं.

तेव्हापासून ही बिघडली आहे. पहिल्यांदा सरावात दिसलं. ओळीत दहा रुमाल होते, ती एकाही रुमालाला नाक लावेना. प्रत्येकापुढं थांबायची आणि वर माझ्याकडं बघायची. मी चुकून ज्या रुमालापाशी श्वास रोखला, तिथं बसली. आणि तो रुमाल बरोबर होता, म्हणून बाकीचे खूश झाले. उस्ताद निवृत्त होऊन मुलाकडं गेलेत, ते असते तर त्यांनी तिथंच मला कानाला धरलं असतं. मग मी मुद्दाम करून पाहिलं. चुकीच्या रुमालाकडं बघत मनात म्हटलं, हा. ती तिथं बसली. परवा मैदानाबाहेर एक चहावाला उभा होता, त्याला बघून माझ्या मनात सहज आलं, हा दादासारखा दिसतो. ती उठली, चालत गेली आणि त्याच्यापुढं बसली. चहावाला घाबरला. मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरलो. आता मी तिच्यासमोर कुणाकडं नीट बघत नाही. उद्या कुठं बोलावणं आलं, तर माझ्या मनात जो येईल त्याच्या दारात ती जाऊन बसेल, आणि पंचनाम्यात लिहितील, कुठंही न थांबता. कुत्री खोटं बोलायला शिकली असं मला आधी वाटलं. ती बिचारी काही खोटं बोलत नाही. मीच तिला सांगितलं होतं, की तुझं नाक चुकतं आणि माझं तोंड बरोबर असतं.

गेल्या रविवारी गावाला गेलो. आई दादाकडंच असते, तुम्हाला माहीत नाही, रस्त्याला लागून नवं घर बांधलंय त्यानं. आईला आता दिसत नाही फारसं, माझा हात चाचपून म्हणाली, "वाळलास रं." वहिनीनं चहा दिला. दादा मला गच्चीवर घेऊन गेला, डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. घाटात मालगाडी चढत होती, मागचं इंजिन ढकलत होतं, ती ठाकुरवाडी स्टेशनाच्या पुढं जाईपर्यंत आम्ही बघत राहिलो. मग मी विचारलं, "दादा, तू त्या रात्री तिथं गेला होतास?" तो म्हणाला, "त्या राती शेतात पोपटीचं मडकं भाजाया लावलं व्हतं, दहा जण व्हते माझ्यासंगं. विचार कुनालाबी." मी म्हणालो, "मी त्यांना विचारत नाही, तुला विचारतोय." तेव्हा तो माझ्याकडं वळला. आवाज चढला नाही त्याचा. "म्या तुला काय सांगितलं व्हतं का? येका शब्दानं तरी? दोरी तू वडलीस. सायबाला तू बोललास. आता तूच येऊन इचारतोस?" मग तो म्हणाला, "मला नेलं तर आईला कोन बघंल? तुजी नोकरी ऱ्हाईल का? जा, भाकरी खाऊन जा." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच खांद्यावर, जो फाट्यावर वळला होता. हात जड होता. मी भाकरी खाऊन आलो.

त्यानं काय केलं ते मला खरंच माहीत नाही, आबा. मारलं, की मारणाऱ्यांना फाटक उघडून दिलं, की नुसता तिथं उभा होता. रुमाल त्याचा होता एवढं मला माहीत आहे, कारण त्या सकाळपर्यंत माझी कुत्री एकदाही चुकली नव्हती. आणि मलाही ते पहिल्या वेळेलाच कळलं होतं. दुसऱ्यांदा ती बसली ते माझ्यासाठी, मला एक संधी म्हणून, असं मला उगाच वाटत राहतं. वाडीवरच्या माणसाची बायको दर तारखेला येते. चालत पळसदरीपर्यंत, पुढं मिळेल त्या टेंपोनं. मागच्या तारखेला ती कोर्टाबाहेर झाडाखाली बसली होती आणि माझ्यासोबत कुत्री नव्हती. तिनं मला विचारलं, "तुमचं जनावर बरं हाय ना?" त्यात टोमणा नव्हता. मी हो म्हणालो आणि आत गेलो.

तर मी परवा सांगणार आहे. ती आधी दोनदा बसली होती, कुणापुढं बसली होती, आणि तिला मी उठवलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. आईला मी इकडं आणीन, तिला माझ्याकडं यायचं नसेल तर तेही ऐकून घेईन. कुत्रीला यापुढं कामावर काढू नका असा अर्ज लिहून ठेवलाय, तो आधीच द्यायला हवा होता. दादाला मी आधी कळवणार नाही, याची मात्र मला लाज वाटते. कळवलं तर तो मला जेवायला वाढेल आणि मी परत येईन, हे मी स्वतःला ओळखून आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा शेवटचं तेवढं लिहून टाकतो. तुम्ही असतात तर मी आधी तुमच्याकडं आलो असतो. तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मी तुमचं ऐकलं असतं. गेली चौदा वर्षं काही अडलं की वाटायचं, तुम्ही असायला हवे होतात. आज पहिल्यांदा वाटलं, आबा, तुम्ही नाही आहात ते बरं आहे.